ताई, आमचा पहिला हिवाळा तुमच्यामुळे निभावला

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, "त्यात काय एवढं" म्हणता आणि उठून कामाला लागता. म्हणून लिहूनच काढायचं ठरवलं. आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते आहे, कारण उष्ण प्रदेशात वाढलेलं आणखी एखादं कुटुंब नोकरीपायी उत्तरेकडच्या अशाच छोट्या शहराकडे निघालं असेल, तर तुम्ही आम्हाला जे दिलंत ते त्यांच्याही कामी येईल.

निघायचं ठरलं तेव्हापासून सल्ल्यांना तोटा नव्हता. भेटेल तो थंडीबद्दल बोलायचा. निम्मे लोक घाबरवायचे, उरलेले "होते हो सवय" म्हणून मोकळे व्हायचे. तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत. कोणत्या महिन्यात कशाचा त्रास होणार, तो का होतो आणि त्याची तयारी किती आधी करायची, हे तुम्ही त्या त्या वेळेच्या थोडं आधी सांगत गेलात. एकदम सगळं सांगितलं असतंत तर माझा धीरच खचला असता. अडचण आल्यावर धावून येणारी माणसं मी पाहिली आहेत, पण अडचण दाराशी पोचायच्या आधी येऊन बसणारं माणूस मला तुमच्या रूपानं भेटलं.

बॅगा भरत होतो तेव्हाच तुमचा फोन आला होता, "जाड कोट तिथून आणू नका, जागा वाया जाईल." खरंच होतं ते. जिथे हिवाळाच नाही तिथला सगळ्यात जाड कोटही उणे 20 साठी शिवलेला नसतो. मग इथे आल्यावर तुम्ही आम्हाला कपड्यांचे थर शिकवलेत. अंगालगत लोकरीचं किंवा थर्मल, मध्ये ऊब धरणारं, वर वारा अडवणारं. सुती कपडा अंगालगत नाही म्हणजे नाही, कारण तो घाम शोषून ओला राहतो आणि ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर दमट झाली तरी ऊब टिकवते. हातमोजे घ्यायचे तर चार बोटं एकत्र राहतील असे, म्हणजे बोटं एकमेकांना उबदार ठेवतात. बूट एक माप मोठे, कारण पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि आतली हवाही उरत नाही. दुकानात तुम्ही जमिनीवर बसून आमच्या लेकीच्या बुटाचा पुढचा भाग अंगठ्यानं दाबून बघत होतात, तिला आत बोटं हलवायला सांगत होतात, आणि बोटं हलताहेत हे अंगठ्याला जाणवेपर्यंत तुम्ही एकही जोड पसंत केला नाहीत. मूल गार पडलंय का हे हातावरून बघायचं नाही, मानेवर मागून कॉलरच्या आत बोटं घालून बघायचं, हेही तिथलंच.

हवामानाचा अंदाज कसा वाचायचा हेसुद्धा तुम्हीच शिकवलंत. मी नुसता पारा बघायचे, तुम्ही म्हणालात आधी वारा बघा. पारा उणे 10 असला आणि ताशी 30 किलोमीटरचा वारा असला तर उघड्या चेहऱ्याला ते उणे 20 सारखं लागतं. हे गणित आलं कुठून म्हणून मी नंतर शोधलं. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी अंटार्क्टिकात वाऱ्यात टांगलेल्या नळकांड्यातलं पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं आणि 1945 मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुढे 2001 मध्ये अमेरिका आणि कॅनडानं माणसाच्या चेहऱ्याला लागणाऱ्या वाऱ्याचा विचार करून सूत्र बदललं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, आवडेल तुम्हाला.

आणि बसथांब्यावरची ती सकाळ. वारा सुटला होता, लेक उड्या मारत होती, काही दुखत नव्हतं तिला. तुम्ही बोलता बोलता थांबलात आणि तिच्या गालाकडे बघत राहिलात. तिथे नखाएवढा एक पांढरट डाग होता, मेणासारखा, बाकी गाल लालबुंद. मला तो दिसलाही नव्हता. तुम्ही स्वतःचा हातमोजा काढलात, उबदार तळवा त्या जागी ठेवलात आणि तसाच धरून ठेवलात. मी चोळायला हात पुढे केला तर हळूच बाजूला केलात. "चोळायचं नाही, आतली कातडी दुखावते. नुसती ऊब द्यायची." थोड्या वेळानं डाग गुलाबी झाला आणि ती "टोचतंय" म्हणाली, तेव्हा तुम्ही हसलात, "टोचू दे, चांगलं आहे ते." गारठलेली कातडी आधी बधिर होते, म्हणून ज्याची त्याला कळत नाही, दुसऱ्यानं बघायची असते. तेव्हापासून आम्ही तिघं बाहेर असताना एकमेकांचे चेहरे बघत असतो. त्या सकाळचे आभार मी कोणत्या शब्दांत मानू? माझ्याकडे तेवढे शब्द नाहीत.

घरातल्या गोष्टी पटकन सांगते. उणे 20 च्या हवेत घनमीटरमागे जेमतेम 1 ग्रॅम बाष्प मावतं, 20 अंशांना 17 ग्रॅम. म्हणून बाहेरची हवा आत येऊन तापली की घर रखरखीत होतं, ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या कडीला हात लावला की ठिणगी. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, त्यामुळे लेकीचा घोळणा फुटला तेव्हा आम्ही घाबरलो नाही. फोन आतल्या खिशात ठेवायचा, नाहीतर थंडीत बॅटरी मान टाकते. आणि निसरड्याची खरी भीती कडाक्याच्या थंडीत नसते, पारा शून्याच्या आसपास घुटमळतो तेव्हा असते, कारण बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. मिठानं बर्फ वितळतो हे मला माहीत होतं. पारा उणे 10 च्या खाली गेला की मिठाचा जोर सरत जातो आणि म्हणून वाटेवर खडी पसरतात, हे तुमच्याकडून कळलं.

पण ताई, थंडीचं एकवेळ सोपं असतं. कपडे घातले की झालं. मला भारी पडला तो अंधार.

जिथे सूर्य बुडतो आणि बघता बघता काळोख होतो तिथे मी वाढले. दिवस लहान-मोठा होतो म्हणजे किती होतो, याची कल्पनाच नव्हती. 60 अंश अक्षांशावर डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस सहा तासांचाही नसतो, 65 अंशांवर साडेतीन तासांच्या आसपास, आणि 66.5 अंशांच्या बऱ्याच वर गेलं तर सूर्य क्षितिजावर येतच नाही. आकडे वाचून समजतात. पण नोव्हेंबरात दुपारी दिवे लावताना पोटात जो खड्डा पडतो तो आकड्यांनी कळत नाही. तुम्ही तो ओळखलात. मी काही बोलले नव्हते, नुसती लवकर झोपायला लागले होते.

तुम्ही "मन रमवा" असं म्हणाला नाहीत. तुमच्याकडचा उजेडाचा दिवा आणून टेबलावर ठेवलात आणि सांगितलंत, सकाळी अर्धा तास याच्यासमोर बसा, डोळे त्याच्यात घालायचे नाहीत. 10,000 लक्सचा तो दिवा, लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. हिवाळ्यातल्या या उदासीला वैद्यकशास्त्रात 1984 पासून नाव आहे, नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दिलं, ते लहरी बाईंचं खूळ नव्हे, हे तुम्ही आमच्या ह्यांना बसवून समजावलंत. त्यानंतर घरात कोणी मला "उगाच काय" म्हणालं नाही. आपल्या सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला ऊन जास्त लागतं आणि इथे हिवाळ्यात ते बनत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करा, हेही सांगितलंत.

आणि मग दुपारचा फोन. रोज, ऐन उजेडाच्या वेळी, "निघालात का?" एवढंच. मी निघाले नसले तर तुम्ही वादही घालायचा नाहीत, "मी खाली उभी आहे" म्हणायचात. ढग असले तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, असं तुमचं म्हणणं. आपण नदीच्या कडेनं चालायचो, बऱ्याचदा न बोलता. तिथेच मला दिसलं की इथे सूर्य तिरका उतरतो म्हणून संधिप्रकाश किती लांबतो, आणि बर्फावर तो निळा कसा होतो. मी त्या निळ्या वेळेची वाट बघायला लागले तेव्हा मला कळलं की मी बरी होते आहे.

फेब्रुवारीबद्दल तुम्ही बजावलं होतंत, ते तर फारच खरं ठरलं. उजेड परत येतो, माणसाला वाटतं सुटलो, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यात कडक थंडी पडते, कारण दिवस वाढायला लागले तरी जमीन आणि पाणी ऊब गमावतच असतात. "धीर डिसेंबरात सुटत नाही, फेब्रुवारीत सुटतो," असं म्हणून तुम्ही त्या महिन्यासाठी मला ग्रंथालयातल्या भाषेच्या वर्गात आधीच नाव घालायला लावलंत. छोट्या शहरात माणसं मोजकीच, आणि ती आपणहून बोलायला येत नाहीत. पण एकदा तोंडओळख झाली की दर आठवड्याला तीच भेटतात. त्या वर्गातूनच आज मला दोन मैत्रिणी आहेत. मोठ्या शहरात हे इतक्या लवकर झालं नसतं असं मला वाटतं.

आता दिवस झपाट्यानं वाढताहेत, मार्चअखेरीला तर रोज पाच-सहा मिनिटांनी. लेक रात्री उजेड आहे म्हणून झोपत नाही. तुमचा दिवा पुसून खोक्यात भरून ठेवला आहे. आमच्यासाठी आम्ही दुसरा घेतला. रविवारी घेऊन येते, घरी आहात ना? लेकीनं तुमच्यासाठी चिठ्ठी लिहिली आहे, ती मला दाखवत नाही. आमच्या ह्यांनी मनापासून नमस्कार सांगितला आहे.

ताई, खूप खूप आभार. या वेळी तरी विषय बदलू नका.

तुमची,
खालच्या मजल्यावरची