चिंगी नखरे करत नाहीये

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू चिंगी कुत्रीला कच्चा खाऊ देतानाचा परवाचा व्हिडिओ पाहिला. बाबांनी चार वेळा पाहिला आणि चारही वेळा हसले. चिंगीनं कोंबडीच्या मानेचा तुकडा तुझ्या हातातून घेतला खरा, पण नुसत्या ओठांच्या टोकानं, कुणाचा तरी ओला मोजा उचलावा तसा. दोन पावलं चालली, तुकडा चटईवर ठेवला, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि नाकानं नसलेली माती त्याच्यावर लोटू लागली. पाच-सहा वेळा लोटली, आता नीट पुरला गेला अशी खात्री झाल्यावर निघून गेली. आणि मागून तुझा आवाज, "अगं खा ना चिंगू, बघ तरी, कित्ती छान आहे!" तिसऱ्या "खा ना"ला तो आवाज थेट माझा झाला होता. तू तीन वर्षांचा असताना वाटी-चमचा घेऊन तुझ्यामागे घरभर फिरायचे, तेव्हाचा. तेव्हा तूही खाल्लं नव्हतंस, एवढं लक्षात घे.

तुझं म्हणणं, ती नखरेल आहे, सहा प्रकार आणून झाले आणि सहाही नाकारले. मला तसं वाटत नाही. नाक मुरडायला आधी ही खायची वस्तू आहे हे कळावं लागतं. चिंगी तुझ्याकडे आली तीच तीन वर्षांची होऊन. तोवर तिला कोरडे दाणे आणि घरातलं उरलंसुरलं शिजलेलं, एवढंच मिळालं असणार. पिल्लूपणी जे वास आणि जे पदार्थ तोंडात पडतात, त्यांनाच कुत्रं पुढे सहज अन्न समजतं. गार, ओलं, बुळबुळीत, चावायला जावं तर दाताखालून निसटणारं असं काही तिच्या हिशेबातच नाही. तिनं तो तुकडा टाकला नाही, पुरला. माझा अंदाज असा की, हे काहीतरी मोलाचं आहे इतकं तिला उमगलंय, त्याचं करायचं काय ते उमगलेलं नाही.

जन्मभर जीवशास्त्र शिकवलंय, तेव्हा एक परिच्छेद सहन कर. माणसाच्या जिभेवर साधारण ९,००० रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर १,७०० च्या आसपास. वास टिपणाऱ्या पेशी मात्र आपल्याकडे ५०-६० लाख आणि त्यांच्याकडे २० ते ३० कोटी. म्हणजे खायचं की नाही याचा निकाल नाकात लागतो, जीभ नुसता शिक्का मारते. तू तुकडा देतोस फ्रीजमधून काढून, ४ अंशांवरचा. इतक्या गार मांसाला वास उठतच नाही म्हटलं तरी चालेल. तुकडा लहान पिशवीत घाल, तोंड घट्ट बांध आणि दहा मिनिटं कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेव. हाताला गार लागू नये, एवढंच बघायचं. आणि लगेच द्यायचं, पुन्हा फ्रीजमध्ये सारायचं नाही. मायक्रोवेव्हचा मोह नको, हाड असेल तर मुळीच नको. कच्चं हाड थोडं लवतं, शिजलेलं हाड ठिसूळ होऊन फुटतं आणि त्याच्या टोकदार चिरफळ्या घशात नाही तर आतड्यात रुततात.

आता आपल्या भुऱ्या कुत्र्याची गोष्ट. तू होस्टेलला गेल्यानंतरची आहे, म्हणून तुला ठाऊक नाही. म्हातारपणी त्याचं जेवण कमी झालं तेव्हा मी त्याला कलेजी द्यायचं ठरवलं. मी स्वतः मांस खात नाही, हे तुला माहीतच आहे. चिमट्यात कलेजीचा तुकडा धरायचा, हात लांब करायचा, मान दुसरीकडे फिरवायची आणि म्हणायचं, "खा रे राजा." तो कलेजीकडे बघायचाच नाही, माझ्या तोंडाकडे बघायचा. घरातलं माणूस ज्या वस्तूकडे असं तोंड करून बघतं ती वस्तू कोण खाईल? चार दिवस हेच. पाचव्या दिवशी ऐन वेळी फोन वाजला. चिमटा कलेजीसकट खिडकीच्या कठड्यावर ठेवून मी आत गेले. बोलता बोलता बाहेर टण्ण आवाज. येऊन बघते तर चिमटा जमिनीवर आणि भुऱ्या त्याची दोन्ही पाती आलटूनपालटून चाटतोय, एक पुसून लख्ख झालं की दुसरं. मला बघून थांबला. शेपूट एकदाच हलवलं आणि पुन्हा चिमट्याकडे वळला.

त्या दिवसापासून मी त्याच्यासमोर बसणं बंद केलं. तूही कर. स्टीलची ताटली, नेहमीची एकच जागा, खाली पुसता येईल असं काहीतरी अंथरलेलं. ताटली ठेवायची आणि आपण आपल्या कामाला लागायचं. पंधरा मिनिटांनी उचलायची, रिकामी असो वा भरलेली. "का गं नाही खाल्लंस?" हेसुद्धा विचारायचं नाही. आणि त्यानंतर चीज द्यायचं नाही! हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण व्हिडिओच्या शेवटी तुझा हात चीजच्या डब्याकडे जाताना दिसला. मान नाकारली की चीज येतं, हा धडा तिनं एका फटक्यात पाठ केलाय. सहा प्रकार तू आणलेस की तिनं तुझ्याकडून आणवले, याचा एकदा विचार कर.

सुरुवात अख्ख्या मानेनं करू नकोस. बिनहाडाच्या मांसाचा वाटाण्याएवढा तुकडा पुरे, तोही कात्रीनं दोन-तीन ठिकाणी चिरलेला, म्हणजे वास मोकळा होतो. पहिल्या आठवड्यात तो तिच्या ओळखीच्या दाण्यांत नुसता घोळवायचा, दाण्यांना वास लागला तरी काम झालं. तेवढ्यानंही हलली नाही तर बिनहाडाचा तुकडा तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट टेकवायचा. बाहेरून रंग बदलतो, आतून कच्चाच राहतो, आणि भाजल्या मांसाचा वास तिच्या ओळखीचा असतो. दर दोन-तीन दिवसांनी तव्यावरचा वेळ थोडा कमी करत जायचा. भुऱ्याच्या बाबतीत मला हे करावं लागलं नाही, पण शेजारच्यांची कुत्री याच वाटेनं कोंबडीच्या पेठ्यापर्यंत पोचली.

आता जे सांगते ते वरच्या कोमट पाण्याच्या अगदी उलट आहे. काही कुत्र्यांना वासाची अडचण नसतेच, बुळबुळीतपणाची असते. अशांना कलेजी अर्धवट गोठलेली असताना पातळ कापून दिली की कुरकुरीत लागते आणि खातात. चिंगी यातली कोणती, ते तिलाच विचारावं लागेल. एक आठवडा कोमट, एक आठवडा गोठलेली. एकाच दिवशी दोन्ही मांडून बसू नकोस, नाहीतर पुन्हा पंगत सुरू.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नकोस. भुऱ्या कलेजी आवडीनं खायला लागल्यावर मला वाटलं, आता जंताची गोळी द्यायची कटकट मिटली. गोळी कलेजीत दडवली, त्यानं गिळली, आणि तासाभरात उलटी. उलटी गोळीमुळे झाली असेल किंवा आणखी कशानं, पण त्यानं दोष दिला कलेजीला. पुढचे सहा महिने कलेजीचा वास आला की उठून बाहेर जायचा. १९५५ मध्ये जॉन गार्सिया यांनी उंदरांवर हेच दाखवलं होतं. गोड पाणी प्यायल्यानंतर किरणोत्सर्गामुळे मळमळ झाली, तर उंदीर पुढे ते गोड पाणीच टाळतात. मी हे वर्गात शिकवायचे, आणि घरी बरोबर तेच करून बसले. ज्या खाऊवर चिंगीचा विश्वास बसायचा आहे, त्यात औषध घालू नकोस. नवा खाऊ द्यायचा दिवस आणि लसीचा किंवा प्रवासाचा दिवसही एक नको.

शिवाय आधी हे तपास की ती खात नाही की तिला खाता येत नाही. खाऊकडे धावत येते आणि तोंडात घेऊन टाकते, एकाच बाजूनं चावते, सारखी ओठ चाटते किंवा लाळ गिळते, असं असेल तर दात तरी दुखतोय नाहीतर मळमळतंय. नेहमीचं जेवणही पूर्ण दिवस सोडलं तर डॉक्टरांकडे ने, "उद्या बघू" नको.

"कुत्रा म्हणजे शेवटी लांडगाच, त्याला कच्चंच हवं," हे तुझं वाक्य मला पटलं नाही. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजचं जनुक कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त प्रतींमध्ये असतं, हे २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर जगलेला प्राणी आहे तो. कच्चा खाऊ तिला आवडला तर मजा आहे, चावण्यात वेळ जातो, डोकं शांत होतं. पण तो नाही मिळाला म्हणून तिचं काही अडणार नाही.

आणि खाऊ तो खाऊच. दिवसाच्या एकूण कॅलरींचा दहावा हिस्सा ही त्याची मर्यादा. चिंगीसारख्या नऊ-दहा किलोच्या कुत्रीला दिवसाला ५००-६०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला येतात पन्नास-साठ. कातडीसकट एक मान त्याच्या दुप्पट सहज भरते. कातडी काढत जा, चरबी जास्त झाली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कलेजी आवडायला लागली तरी बोटाच्या पेराएवढी, आठवड्यातून दोनदा. 'अ' जीवनसत्त्व अंगात साठत जातं आणि फार झालं की हाडांनाच त्रास देतं. मोठ्या जनावराची नळी आणू नकोस. अंगठ्याचं नख रुतत नाही इतकं कठीण हाड चावताना वरची मोठी दाढ उभी चिरते.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले. अदितीला सातवा महिना लागलाय. कच्च्या मांसात साल्मोनेला, लिस्टेरिया, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. फ्रीजरमध्ये ते मरत नाहीत, झोपून राहतात. पाकिटातला सुकवलेला कच्चा खाऊही त्याच माळेतला, कोरडा दिसतो म्हणून निर्धोक समजू नकोस. धडधाकट कुत्र्याला बहुतेक वेळा काही होत नाही, पण त्याच्या तोंडातून आणि शीमधून जंतू घरभर फिरतात. गरोदरपणी लिस्टेरिया बाळापर्यंत पोचू शकतो. आणि कुत्र्यांनाही अगदी माफी आहे असं नाही. २०१८ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांना, पाय लुळे पडण्याचा एक आजार झालेल्या कुत्र्यांमध्ये आणि कच्ची कोंबडी खाण्यामध्ये ठळक संबंध दिसला होता.

तेव्हा एवढं सगळं पाल्हाळ लावून माझं मत असं की, बाळ येईपर्यंत आणि ते चार-पाच वर्षांचं होईपर्यंत चिंगीला मांस शिजवूनच दे, बिनहाडाचं, मीठ-कांदा-लसूण काही न घालता. ताटली, पंधरा मिनिटं, गप्प बसणं हे सगळं शिजलेल्यालाही तसंच लागू पडतं. तू माझं ऐकशीलच असं नाही, म्हणून हेही लिहून ठेवते. कच्चं द्यायचंच ठरवलंस तर डॉक्टरांना विचारून, आणि मांसाला, ताटलीला नि चिंगीच्या शीला हात फक्त तुझा, अदितीचा नाही. गोठलेलं मांस ओट्यावर नाही, फ्रीजच्या तळच्या कप्प्यात झाकून सुटू द्यायचं. कात्री वेगळी ठेवायची. हात साबणानं वीस सेकंद धुवायचे. आणि खाल्ल्यावर चिंगीला अदितीचं तोंड चाटू द्यायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड जाणार, दोघींनाही.

महिनाभर करून बघ. तरीही चिंगी नाहीच म्हणाली, तर तिचं म्हणणं मान्य कर. पुढचा व्हिडिओ पाठवशील तेव्हा फोन कशाला तरी टेकवून ठेव आणि तू खोलीबाहेर जा.

अदितीला आशीर्वाद. चिंगीच्या कानामागे खाजव.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, चटईवर पुरलेली ती मान नंतर उचललीस ना?