इच्छाधारी नागीण चालते, मग हे का नाही?

संपादक महोदय,
कधीही न मरणारा, हवं ते रूप घेणारा एक आणि दुसरा साधा माणूस, अशा दोन पुरुषांच्या प्रेमकथा म्हणजे बाहेरून आलेलं खूळ, असा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला आणि अजिबात पटला नाही. अहो, आपण नाशिककर, पंचवटीत सीतागुंफेवरून रोज जातो, तिथेच मारीच सोन्याचं हरीण झाला, शूर्पणखा सुंदर बाई बनून आली, रूप बदलणं आपल्याला नवीन कुठंय? जखमेला तेल मागत फिरणारा अमर अश्वत्थामा तर आजीकडून सगळ्यांनीच ऐकलाय. टीव्हीवर इच्छाधारी नागीण माणसाशी लग्न करते तेव्हा अख्खं घर जेवता जेवता बघतं. म्हणजे अडचण जादूची नाहीच, दोघं पुरुष आहेत याची आहे. पण प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हे सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ लाच सांगितलंय.

आणि अशा गोष्टीत मला भिडतं ते वेगळंच, एकाचे केस पांढरे होतात, गुडघे धरतात, दुसरा तसाच तरुण राहतो आणि तरी रोज त्याच्या शेजारी येऊन बसतो, याला एक दिवस आपल्याला पोचवायचंय हे माहीत असूनही. पुरवणीत अशी एखादी मराठी कथा जरूर छापा.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक