सूचना : शांततामय निदर्शनात अटक झाल्यास

सर्व सभासदांस,

निदर्शनाला निघण्यापूर्वी हे नीट वाचा आणि घरच्यांनाही दाखवा. अटक झाल्यावर धावपळ त्यांनाच करावी लागते.

शांततेने एकत्र जमणे हा हक्क आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात (१९६६) कलम २१ त्यासाठीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२० साली त्याचा अर्थ उलगडून सांगितला. पूर्वसूचना दिली नव्हती, एवढ्यावरून सहभागींना अटक करता येत नाही. कोणी एकाने दगड मारला म्हणून शेजारी उभा असलेला हिंसक ठरत नाही. हा मुद्दा पाठच करून ठेवा, सर्वांत जास्त वाद त्यावरच होतो.

अटकेचे कारण त्याच वेळी सांगितले पाहिजे (कलम ९). न्यायाधीशांसमोर हजर करायला साधारणपणे ४८ तास पुरेत, असे समितीचे मत आहे. काही देशांत मुदत याहून कमी असते, वकिलांना आधीच विचारून घ्या. मारहाण आणि छळ आणीबाणीतही क्षम्य नाहीत. दुखापत झाली असेल तर लगेच डॉक्टर मागा आणि नोंद करायला लावा. न वाचता सही करू नका.

फोन काढून घेतला जाऊ शकतो, म्हणून वकिलांचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा.

बाहेर राहिलेल्यांनी कोणाला, किती वाजता, कुठे नेले हे तिथल्या तिथे टिपून गटात कळवावे. नोंदच नसलेल्या माणसाला शोधणे फार अवघड जाते.