उद्यमनगरच्या मामांना, मनापासून

मामा, नमस्कार. तुम्ही मोबाईल जास्त बघत नाही, पण तुमचा पोरगा वाचून दाखवेल म्हणून इथं लिहितोय, आणि आपल्या कोल्हापुरातल्या बाकी गॅरेजवाल्यांनी पण वाचावं असं लै वाटतंय.

फुलेवाडीत शेड घेतली तेव्हा डोक्यात एकच होतं, वरच्या कैचीला, म्हणजे छपराचा पत्रा पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याला, चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) अडकवायचा आणि इंजिनं उतरवायला सुरुवात करायची. एक टन उचलणारा ब्लॉक आणून पण ठेवलेला. तुमच्याकडं आलो ते फक्त एक कडी वेल्डिंग करून घ्यायला. तुम्ही विचारलं कुठं लावणार, मी सांगितलं, आणि तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून माझ्या गाडीवर मागं बसलात.

कैचीच्या खालच्या अँगलला, ३५ एमएमचा अँगल तो, दोन जोडांच्या मधी (जोड म्हणजे तिरपे अँगल येऊन मिळतात ती जागा) तुम्ही सुतळी ताणून बांधली आणि बरोबर मध्यावर सिमेंटचं एक पोतं टांगलं, ५० किलोचं. अँगल सुतळीच्या खाली उतरलेला मी माझ्या डोळ्यानं बघितला, दोन एमएम तरी असेल. मग तेच पोतं जोडाच्या प्लेटीखाली नेलं तर जवळजवळ काहीच नाही. तुम्ही म्हणालात, "कैची पत्रा धरायला आणि वारा सोसायला केलीया, मधी लोंबकळलेलं वजन तिला माहीत नाही." माझं इंजिन अडीचशे किलोचं मामा, म्हणजे तसली पाच पोती, वर ब्लॉकचं वजन आणि साखळी ओढायचा जोर वेगळाच. अँगल वाकलाच असता आणि खाली माझा पोऱ्या उभा असता. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

जोडाला टांगलं तरी अख्ख्या छपराचा हिशोब बघावा लागतो म्हणून तुम्ही छपराला हातच लावू दिला नाही. १५० एमएम उंचीचा आय बीम (I आकाराची लोखंडी तुळई), दोन्हीकडं स्वतःचे खांब, तिरपे आधार, खाली बेस प्लेट काँक्रीटमधी अँकर बोल्टनं आवळलेली, म्हणजे सगळं वजन सरळ जमिनीत. आणि वापरायच्या आधी २५ पोती, म्हणजे सव्वा टन, वीतभर उचलून तशीच धरून ठेवली, तुम्ही तोवर वेल्डिंगच्या एकेका जोडावरनं बोट फिरवत होता.

हूकची क्लिप (वजन हूकातनं निसटू नये म्हणून असते ती) तुटली की ब्लॉक बंद, तिरपं ओढायचं नाही, वजनाखाली कुणी जायचं नाही, हे भिंतीवर ऑइल पेंटनं लिहून घेतलंय. येण्याचे पैसे तुम्ही घेतलेच नाहीत, ते मनात राहिलंय.

गुरुवारी ट्रॅक्टरचं इंजिन काढायचंय. मी न्यायला येतो, पहिली साखळी तुम्हीच ओढायची.