बुरशीवर कोणते औषध चालेल, हे सोलापुरातच कळावे

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सोलापुरातील एका प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा सविनय नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात अतिदक्षता विभागातील एका रुग्णाच्या रक्ताची कल्चर बॉटल (रक्तातील जंतू वाढवण्याची बाटली) आमच्या लहानशा खासगी प्रयोगशाळेत आली. सॅबुरो अगर या बुरशी वाढवण्याच्या माध्यमाच्या प्लेटवर सायीसारख्या पांढरट, गुळगुळीत वसाहती उठल्या. त्यातील थोडा भाग सीरममध्ये घालून ३ तास ठेवला. अंकुर फुटले नाहीत, म्हणजे सीरममध्ये अंकुर फुटणारी नेहमीची बुरशी, कँडिडा अल्बिकन्स, बहुधा नव्हती. आमची सोय इथेच संपते. तेवढाच अहवाल मी दिला, डॉक्टरांनी फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे नेहमीचे औषध सुरू केले आणि नमुना कुरिअरने पुण्याला गेला. पाचव्या दिवशी उत्तर आले: कँडिडा ऑरिस, फ्लुकोनॅझोलला दाद न देणारी. तोवर रुग्णाचा ताप उतरलेला नव्हता, आणि उतरणारही कसा?

जपानमधील एका रुग्णाच्या कानात सापडलेल्या या बुरशीचे वर्णन २००९ साली प्रथम झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या यादीत तिला सर्वाधिक तातडीच्या गटात ठेवले आहे. ओळख पटवणाऱ्या काही यंत्रांवर ती भलत्याच कँडिडाच्या नावाने निघते.

रक्तातील अशा संसर्गावर औषधांचे मुख्य गट जेमतेम तीन. अझोल (फ्लुकोनॅझोल याच गटातले) तिच्यावर बहुधा चालत नाहीत, अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला जड जाते आणि एकिनोकँडिनची इंजेक्शने सामान्य कुटुंबाचे कंबरडे मोडतात. त्यामुळे अंदाजाने औषध बदलत राहणे रुग्णाला परवडत नाही. (२०२१ साली काळ्या बुरशीच्या वेळी अँफोटेरिसिनसाठी नातेवाइकांनी केलेली वणवण आपल्या खात्याला ठाऊकच आहे.) उलट कोणते औषध चालेल हे सांगणारी चाचणी साधी आहे: ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये औषधाची मात्रा खळग्यागणिक निम्मी करत जायची, प्रत्येकात ठरावीक बुरशी घालायची, ३५ अंशांवर २४ तास ठेवून वाढ कोणत्या मात्रेला थांबते ते पाहायचे.

सोलापुरात धाराशिव, विजयपुरा, कलबुर्गीकडचेही रुग्ण येतात. म्हणून विनंती अशी, की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत बुरशीची नेमकी जात ओळखणे व ही औषध-संवेदनशीलता चाचणी आमच्यासारख्या बाहेरच्या प्रयोगशाळांसाठीही शासकीय दराने खुली असावी, त्यासाठी लागणारी औषधपूड व प्लेट यांची खरेदी वर्षभर अखंड चालावी, आणि प्राथमिक निष्कर्ष तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोनवर कळावा. आमच्याकडील प्लेट सकाळी १० पर्यंत तयार असते; ती पोहोचवण्याचे काम आमचे.

आपला विश्वासू,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर