पहिला टर्नटेबल घेताना

महोदय,

घरी डीजेइंग शिकू पाहणाऱ्या माझ्या मुलासाठी आम्ही स्वस्त म्हणून पट्ट्यावर चालणारा टर्नटेबल, म्हणजे गाण्याची तबकडी फिरवणारे यंत्र, घेतला आणि फसलो. तबकडी बोटाने रोखून सोडली की रबरी पट्टा ताणला जाऊन तिला मूळ वेग पकडायला वेळ लागतो आणि तोवर दुसऱ्या तबकडीवरचा ठेका निसटून जातो. मोटर थेट तबकडीखाली असलेल्या, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रात ही अडचण नसते. १९७२ साली आलेला टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० टर्नटेबल मुळात घरी गाणी ऐकण्यासाठी बनवलेला असूनही डीजेंच्या गळ्यातला ताईत झाला, त्याचे एक मोठे कारण हेच. तो नवा घेणे आमच्यासारख्यांना परवडत नाही, हे खरे. मात्र त्याच तत्त्वावर चालणारी रीलूप किंवा ऑडिओ-टेक्निका या कंपन्यांची यंत्रे बरीच स्वस्त पडतात. जुने यंत्र घेणाऱ्यांनी सुई धरणारा दांडा अलगद हलवून तो सैल आहे का, हे पाहावे आणि यंत्र चालू असताना, वेग बरोबर आहे हे दाखवणारे कडेचे ठिपके स्थिर दिसतात का, तेही तपासावे. सुरुवातीला एकच टर्नटेबल आणि गाण्यांचे आवाज एकमेकांत मिसळणारा साधा मिक्सर पुरतो. सूटकेससारखे दिसणारे देखणे प्लेअर मात्र या कामाचे नव्हेत.

आपला,
एक वाचक, ठाणे