सहलीच्या जाहिरातीत पावसाचीही माहिती हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीतील परदेश सहलींच्या जाहिराती सध्या वृत्तपत्रांत रोज झळकत आहेत. विमान गोव्यातील दाबोळी विमानतळावरून सुटणार की मोपाच्या, हॉटेल किती तारांकित, जेवण शाकाहारी मिळेल की नाही, हे सारे त्यांत ठळक अक्षरांत असते. मात्र ज्या महिन्यात जायचे त्या महिन्यात तिकडची हवा कशी असते, याबद्दल चकार शब्द नसतो.

थायलंडचेच घ्या. फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला असल्यामुळे आपल्याला भिजवणारा नैर्ऋत्य मोसमी वाराच तिकडेही साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस पाडतो. समुद्र खवळला की किनाऱ्यावर लाल बावटे लागतात आणि सिमिलान बेटे तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच असतात. आपले ट्रॉलर जेटीला बांधलेले आणि शॅक, म्हणजे किनाऱ्यावरील तात्पुरती उपाहारगृहे, मोडून ठेवलेली असतात, तेही याच काळात. याउलट को सामुई हे बेट पूर्वेकडील आखातात असल्याने तेथे पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, म्हणजे चेन्नईसारखा असतो. नोव्हेंबरअखेर एका किनाऱ्यावर ऊन पडलेले असताना दुसऱ्यावर पाऊस कोसळत असू शकतो, हे जाहिरातीत नुसते ‘थायलंड’ वाचून ग्राहकाला कसे कळावे? चार्टर विमानांनी गोव्यात येणारे परदेशी पर्यटक आपला पाऊस सरल्यावरच येतात. तेवढी चौकशी आपण मात्र करीत नाही.

मुलांच्या शाळा सांभाळूनच बाहेर पडावे लागते, हे मान्य. चतुर्थीला घर सोडून परदेशी जाणारा गोवेकर विरळाच, त्यामुळे मे महिना, दिवाळी आणि नाताळ एवढ्याच सुट्ट्या हाती उरतात. तरीही निवडीला वाव आहे. मे महिन्यात युरोपात दिवस मोठा असतो आणि जुलै-ऑगस्टची झुंबड उडालेली नसते, फक्त आल्प्समधील उंचावरचे काही घाटरस्ते जूनपर्यंत बर्फामुळे बंद असतात. बालीतही त्या सुमारास कोरडा हंगाम सुरू झालेला असतो. जपानला जायचे असल्यास २९ एप्रिल ते ५ मे हा आठवडा टाळावा, कारण तो तेथील लोकांच्याच सलग सुट्ट्यांचा असतो आणि गाड्या, हॉटेले भरून जातात. दुबईचा उन्हाळा सोसवत नाही, नोव्हेंबरपासून मात्र तेथे सुखाने फिरता येते. नाताळात ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ऐन उन्हाळा असतो, तर सिंगापूरला त्याच दिवसांत पाऊस अधिक.

इंग्लंडमधील स्विंडन किंवा लंडन परिसरातील नातेवाइकांकडे नाताळच्या सुट्टीत जाणारी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. डिसेंबरअखेर लंडनला दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि २५ तारखेला शहरातील भुयारी रेल्वे व बसगाड्या धावतच नाहीत. आप्तांची भेट एवढाच हेतू असेल तर प्रश्न नाही. पण पाहण्यासारखी स्थळे पाहायची असतील तर तीच सुट्टी मेमध्ये घेणे शहाणपणाचे.

पावसाळी हंगामात सहल स्वस्तात विकण्यात मला काहीच गैर वाटत नाही. हिरवेगार डोंगर आणि रिकामे रस्ते आवडणारेही असतात, आपल्याकडेही पावसात खास गोवा पाहायला लोक येतातच. आक्षेप आहे तो स्वस्ताईचे कारण दडवण्याला. सहल कंपन्यांनी प्रत्येक ठिकाणापुढे त्या महिन्यातील पाऊस आणि तापमान छापावे, आपणही पर्यटन पुरवणीत तशी चौकट द्यावी आणि समुद्र खवळल्यामुळे बोटीची फेरी रद्द झाल्यास ग्राहकाला पैसे परत मिळणार की नाहीत, हे कंपन्यांनी आरक्षणाच्या पावतीवरच स्पष्ट लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, डिचोली